दत्तक बालक आणि परदेशप्रवास : नाते जुळण्याचे पहिले दिवस

कडा हे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. मराठवाड्यातील अशा गावांतून शिक्षण व नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस आणि तेथून पुढे परदेशी गेलेली कुटुंबे आज कमी नाहीत. अशा एखाद्या जोडप्याने महाराष्ट्रातील संस्थेतून दीड-दोन वर्षांचे बालक दत्तक घेतले की पुढील क्रम बहुधा ठरलेला असतो. काही आठवडे भारतात मुक्काम, मध्ये गावी आजी-आजोबांची भेट आणि अखेर विमानाने परदेश. आईवडिलांचे लक्ष या काळात कागदपत्रांकडे लागलेले असते. बालकाचे मात्र याच आठवड्यांत सारे जग बदलून जाते. या काळात नाते कसे जुळते आणि त्यास आपण कसा हातभार लावावा, याची माहिती आम्ही येथे देत आहोत. ती दत्तक आईवडिलांसाठी आहे, तितकीच गावाकडील आप्तांसाठीही आहे.

कायद्याची वाट

ख्रिस्ती दांपत्यांना हा मार्ग फार उशिरा मोकळा झाला. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांनाच लागू होता. ख्रिस्ती जोडप्यास १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे आणि बालक सज्ञान होताच तेही संपे. बाल न्याय कायदा २००० साली आला व २००६ साली त्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस पूर्ण अर्थाने दत्तक घेण्याची वाट खुली झाली. सध्या २०१५ चा बाल न्याय कायदा व २०२२ ची दत्तक नियमावली लागू आहे.

आंतरदेशीय दत्तकाविषयीचा हेग करार १९९३ साली झाला आणि भारताने त्यास २००३ साली मान्यता दिली. त्यानुसार परदेशी राहणाऱ्या जोडप्याने तेथील मान्यताप्राप्त संस्थेमार्फत किंवा तेथील केंद्रीय प्राधिकरणामार्फत अर्ज करावयाचा असतो. भारतातील सर्व व्यवहार केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजेच ‘कारा’, पाहते. अनिवासी भारतीयांना निवासी भारतीयांच्या बरोबरीने प्राधान्य मिळते. काराचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळाल्यावर, अंतिम आदेश होण्यापूर्वी, बालकास भारतातच तात्पुरत्या संगोपनासाठी जोडप्याच्या स्वाधीन करता येते. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यानंतर पारपत्र व व्हिसा होतो. गावाकडील भेट बहुधा या मधल्या काळात घडते.

ओळखीच्या माणसाकडून किंवा रुग्णालयातून परस्पर मूल घेणे हे दत्तक नव्हे. कायद्याच्या कलम ८० नुसार तो तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांस पात्र असा गुन्हा आहे.

बालकाचे काय हरवते

बीड जिल्ह्यातील वाचकांना एक उदाहरण जवळचे वाटेल. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. त्यांच्या तान्ह्या लेकरांचे गाव बदलते, घर बदलते, कोपीत झोपावे लागते. या स्थलांतराने मुलांचे आरोग्य व शिक्षण यांची मोठी हानी होते, हे आपण जाणतोच. तरी त्या लेकरास रात्री जाग येते तेव्हा शेजारी तीच आई असते. दत्तक बालकाचे ठिकाण बदलते आणि त्याचबरोबर माणूसही बदलते. ज्या दाईने त्याला रोज भरविले, न्हाऊ घातले, थोपटून निजविले ती एका दुपारी दिसेनाशी होते. आवाज, वास, दूध पिण्याची वाटी, अंथरूण यांपैकी ओळखीचे काहीच उरत नाही.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी व त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी आईपासून दुरावलेल्या बालकांचे निरीक्षण केले. रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयात आठ दिवस राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट तयार केला. दुरावलेले बालक आधी आक्रोश करते, नंतर खिन्न होते आणि पुढे माणसांपासून मन काढून घेते, असे या दोघांनी दाखविले. तिसऱ्या अवस्थेतील बालक शांत असते, हसतेही. त्यामुळे ते रुळले असा पाहणाऱ्यांचा समज होतो.

हे लक्षात ठेवणे फार महत्त्वाचे आहे. नव्या घरात पहिल्याच दिवशी “किती शहाणं लेकरू, रडत सुद्धा नाही” असे आपण कौतुकाने म्हणतो. पण ते मौन दुःखाचे असू शकते. उलट, दाईच्या आठवणीने जे बालक मोठ्याने रडते त्यास जीव लावणे ठाऊक आहे. एकदा जीव लावता आला असेल तर पुन्हा लावता येतो. म्हणून त्याचे रडणे थांबविण्यापेक्षा रडताना त्यास जवळ घेणे अधिक मोलाचे ठरते.

संस्थेतून निघण्यापूर्वी

अहिल्यानगरचे स्नेहांकुर आणि पुण्यातील ससून रुग्णालयाशी निगडित श्रीवत्स अशा संस्थांनी महाराष्ट्रात दीर्घकाळ दत्तकाचे काम केले आहे. संस्था कोणतीही असो, आईवडिलांनी तेथे घाई करू नये. शक्य असल्यास सलग काही दिवस भेटीस जावे आणि बालकास दाईच्या मांडीवर असतानाच आपली ओळख होऊ द्यावी. निर्गमच्या पुस्तकात फारोची कन्या मोशेला आपला मुलगा म्हणून स्वीकारते. परंतु तो राजवाड्यात येतो तो थोडा मोठा झाल्यावर. तोवर त्याच्या ओळखीची मांडी त्यास लाभलेली असते.

दाईस पुढील गोष्टी अवश्य विचाराव्यात व लिहून घ्याव्यात :

– बालकास कोणत्या नावाने हाक मारतात. पाणी, भूक, झोप यांसाठी ते कोणते शब्द वापरते.
– ते कसे झोपते : पाठीवर थोपटून, पाळण्यात, की इतर मुलांच्या शेजारी.
– काय खाते, किती पातळ, किती गोड, कोणत्या भांड्यातून.
– कशाला घाबरते आणि घाबरल्यावर कशाने शांत होते.

त्याचे वापरातले पांघरूण किंवा अंगडे मागून घ्यावे व काही दिवस ते धुऊ नये. ओळखीचा वास हाच त्या दिवसांतील मोठा आधार असतो. नाव बदलावयाचे असले तरी जुने नाव काही काळ सोबत चालू द्यावे. दाईचे व संस्थेचे छायाचित्र आठवणीने घ्यावे. मोठेपणी बालकास आपला इतिहास सांगताना त्याचा उपयोग होईल.

गावाकडील भेट

अहिल्यानगर–आष्टी हा ६६ किलोमीटरचा रेल्वेमार्ग सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, तर सप्टेंबर २०२५ मध्ये गाडी बीडपर्यंत पोहोचली. कडा स्थानक याच मार्गावर आहे. त्यामुळे गाव गाठणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. आजी-आजोबांनी नातवंडाची वाट वर्षानुवर्षे पाहिलेली असते. ते दारात आले की ओवाळणे, भावकीला बोलाविणे, बालक या मांडीवरून त्या मांडीवर फिरणे ही आपली रीत आहे आणि तिच्यामागे निर्मळ प्रेम आहे. तथापि या बालकासाठी ती रीत थोडी पुढे ढकलावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

कारण साधे आहे. भूक लागली की कोणाकडे पाहावे, हे बालकास अजून ठरवावयाचे आहे. दहा माणसांनी दहा घास भरविले तर ते ठरत नाही. पहिले काही आठवडे भरविणे, न्हाऊ घालणे, कपडे बदलणे, निजविणे आणि पडल्यावर उचलणे ही पाच कामे केवळ आईवडिलांनी करावीत. इतरांनी आईवडिलांना सांभाळावे. आजीने मऊ भात रांधावा, घास आईने भरवावा. आजोबांनी दूध आणावे, वाटी वडिलांनी पुढे करावी. काकाने अंगणात बसून खेळणे लोटावे, पण हात पुढे करून “ये, ये” म्हणू नये. बालक आपणहून जवळ आले तर गोड बोलून त्यास आईकडे परत न्यावे. आजी-आजोबांची जागा यामुळे हिरावली जात नाही. आईवडिलांवर विश्वास बसला की त्याच वाटेने बालक त्यांच्याकडेही येते.

शेजारीपाजारी “कुणाचं लेकरू?” असे विचारतील. त्यास “आमचं” हे उत्तर पुरेसे आहे. जन्मदात्यांविषयीची माहिती ही बालकाची ठेव आहे, ती चावडीवर उघडू नये. मात्र ‘दत्तक’ हा शब्द घरात लपवूही नये. बालकाने तो प्रथम आपल्या आईवडिलांच्या तोंडून, प्रेमाने उच्चारलेला ऐकावा.

पुष्कळदा बालक दोघांपैकी एकालाच बिलगते व दुसऱ्यास दूर लोटते. त्या दुसऱ्याने मन कष्टी करून घेऊ नये. त्याने जवळ बसावे, गाणे म्हणावे, ‘बुवा-कुक’ खेळावे. चेहरा लपतो आणि पुन्हा दिसतो, हा त्या खेळातील आनंद अशा बालकासाठी विशेष मोलाचा आहे.

विमानप्रवास

– पारपत्र, दत्तकाचा आदेश, हेग कराराच्या कलम २३ खालील प्रमाणपत्र व वैद्यकीय अहवाल हातातील पिशवीत ठेवावेत. त्यांच्या प्रती वेगळ्या ठेवाव्यात.
– दोन वर्षांखालील बालक मांडीवर बसू शकते. दोन वर्षे पूर्ण झाल्यावर स्वतंत्र आसन घ्यावे लागते.
– विमान चढताना व उतरताना कानांत दडे बसतात. त्या वेळी पाण्याचे किंवा दुधाचे घोट द्यावेत.
– झोपेचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कदापि देऊ नये.
– विमानतळावर बालकास झोळीत किंवा कडेवर आपल्या अंगाशी ठेवावे. सोबतच्या प्रवाशांनी घेऊ केले तरी सौजन्याने नकार द्यावा.
– जुने पांघरूण सामानात टाकू नये, हाताशी ठेवावे.

परदेशातील पहिले महिने

घड्याळ बदलल्याने झोप उलटी होते, त्यात रात्री दचकून उठण्याची भर पडते. बालकास आईवडिलांच्या खोलीतच निजवावे. दिवसाचा क्रम रोज तोच असावा. जेवण, अंघोळ, फेरफटका, गाणे, प्रार्थना, झोप. बाहेरची गर्दी, मोठी दुकाने व समारंभ काही काळ टाळावेत. पोट भरल्यावरही मागणे किंवा उशीखाली पोळीचा तुकडा लपविणे असे घडल्यास रागावू नये. अन्न पुन्हा मिळेल याची खात्री पटण्यास दिवस लागतात. घरात मराठी चालू ठेवावी. दाईच्या तोंडचे चार शब्द तरी त्यास पुन्हा ऐकू येऊ द्यावेत. गावाकडील आजी-आजोबांशी दूरध्वनीच्या पडद्यावरून रोज ठरल्या वेळी, पण थोडाच वेळ बोलावे.

नाते जुळू लागल्याच्या खुणा लहान असतात. खेळता खेळता वळून आई आहे ना हे पाहणे, लागल्यावर तिच्याकडेच धावणे, अनोळखी माणूस येताच वडिलांच्या पायामागे लपणे. या लाजण्याचा आनंद मानावा. याउलट बालक अनेक महिन्यांनंतरही कोणाही परक्याबरोबर सहज निघून जात असेल, दुखले तरी कोणाकडे येत नसेल किंवा खाणे-बोलणे मागे पडत असेल, तर बालरोगतज्ज्ञ व समाजसेविका यांचा सल्ला घ्यावा. आंतरदेशीय दत्तकात पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी व दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याचा अहवाल असतो. त्यास चौकशी न समजता अडचणी मोकळेपणे सांगाव्यात. दत्तक आईलाही खिन्नता येऊ शकते. तीत दोष नाही, पण ती लपवून ठेवू नये.

बाप्तिस्मा आणि ख्रिस्तसभा

१९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदासंहितेतील कलम ११० नुसार नागरी कायद्याने दत्तक झालेले बालक दत्तक आईवडिलांचेच अपत्य मानले जाते. म्हणून दत्तकाचा आदेश होईपर्यंत बाप्तिस्म्याची घाई करू नये. बालक टाकून दिलेले सापडले असल्यास, पूर्वी बाप्तिस्मा झाल्याचे चौकशीअंती सिद्ध होत नसेल तर, त्यास बाप्तिस्मा द्यावा असे कलम ८७० सांगते. नोंदवहीत दत्तक आईवडिलांची नावे लिहिली जातात. जन्मदात्यांच्या नावांविषयी कलम ८७७ पाहून धर्मगुरूंचे मार्गदर्शन घ्यावे. गर्दी, पाणी व अनोळखी हात यांनी बालक भेदरू नये म्हणून, ते आईवडिलांच्या कडेवर विसावू लागल्यावर हा संस्कार साजरा करावा. तोवर धर्मग्रामाने भेटीगाठींऐवजी जेवणाचा डबा द्यावा, प्रार्थनेत नाव घ्यावे आणि मिस्सानंतर गाल ओढण्याचा मोह आवरावा.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ‘आमोरिस लेतित्सिया’ या २०१६ च्या प्रबोधनपत्रात दत्तक हा मातापिता होण्याचा अत्यंत उदार मार्ग म्हटला आहे. ५ जानेवारी २०२२ रोजी संत योसेफावर बोलताना त्यांनी या मार्गास न भिण्याचे आवाहन केले. संत योसेफाने रक्ताचे नाते नसलेल्या बाळास रातोरात उचलून परक्या देशी नेले, हे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आपण वाचतो. त्या प्रवासातील योसेफाचा एकही शब्द तेथे नोंदलेला नाही. उठला, बाळास व त्याच्या आईस घेतले आणि निघाला, एवढेच आहे. दत्तक आईवडिलांकडूनही पहिल्या महिन्यांत मोठ्या शब्दांची अपेक्षा नसते. लेकरू रात्री जितक्या वेळा उठेल तितक्या वेळा त्याच दोघांनी उठावे. गावाकडच्या आपण सर्वांनी त्यांना त्यासाठी अवकाश द्यावा आणि त्या कुटुंबास संत योसेफाच्या हाती सोपवावे.