आर्पानेटवरील हेतुपुरस्सर कोंडीचे प्रयोग

आर्पानेट या अमेरिकेतील संगणकजाळ्याचा इतिहास बहुधा २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे गेलेल्या पहिल्या संदेशापासून सांगितला जातो. त्यानंतर काही महिन्यांतच याच जाळ्याचे दळणवळण मुद्दाम बंद पाडण्यात आले. ही घटना त्या मानाने उपेक्षित राहिली असली, तरी जाळ्याच्या पुढील घडणीच्या दृष्टीने तिचे महत्त्व कमी नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या नेतृत्वाखाली जाळ्याचे मापन केंद्र स्थापन झाले होते. क्लाइनरॉक हे रांगांच्या गणिताचे अभ्यासक. प्रत्येक ठिकाणी पॅकेटे पुढे धाडण्यासाठी बसविलेल्या 'इम्प' या लहान संगणकातच कृत्रिम वाहतूक निर्माण करण्याची आणि पॅकेटांचा माग घेण्याची सोय होती. जाळे मोडून पाहण्याची साधने अशा रीतीने जाळ्याबरोबरच बसविली गेली. स्वतंत्र प्रयोगशाळा उभारण्याचे कारण नव्हते. जाळे हीच प्रयोगशाळा होती.

वादाचे मूळ मात्र इम्प तयार करणाऱ्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत होते. गणिती वळणाच्या रॉबर्ट कान यांच्या मते मूळ रचनेत वाहतूक गोठून जाणे अटळ होते. प्रकल्पप्रमुख फ्रँक हार्ट आणि आज्ञावली रचणारे विल्यम क्राउदर यांना प्रत्यक्ष व्यवहारात तसे घडण्याचा संभव फारसा वाटत नव्हता. पहिले यंत्र सप्टेंबर १९६९ च्या आरंभापर्यंत पोहोचते करण्याचे बंधन असल्याने हार्ट यांची भूमिका केवळ हटवादी होती, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तरीही वादाचा निकाल चर्चेने लागणारा नव्हता.

१९७० च्या आरंभी कान आणि त्यांचे सहकारी डेव्हिड वॉल्डन लॉस एंजेलिसला गेले. जाळ्यात तेव्हा चारच केंद्रे होती. तेथील पदव्युत्तर विद्यार्थी व्हिंटन सर्फ यांनी कृत्रिम वाहतूक निर्माण करणाऱ्या आज्ञावल्या लिहिण्यात साहाय्य केले. संदेशांचा पूर सोडताच कान यांनी भाकीत केलेली कोंडी अल्पावधीत प्रत्यक्षात उतरली.

तिचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. एका संदेशाची जास्तीत जास्त आठ पॅकेटे होत. ती स्वतंत्रपणे प्रवास करीत आणि अखेरच्या इम्पमध्ये पुन्हा जोडली जात. इम्पची स्मृती १६ बिटांच्या सुमारे १२ हजार शब्दांची. अनेक संदेशांची काही-काही पॅकेटे येऊन बसली की ही जागा भरून जाई. अपूर्ण संदेश पुढे देता येत नसे, आणि तो पूर्ण करणारी पॅकेटे शेजारच्या इम्पमध्ये जागेची वाट पाहत अडकून पडत. चौकात चारही बाजूंची वाहने एकमेकांसमोर येऊन थांबावीत, तसाच हा प्रकार. यंत्रात बिघाड नाही, तारा शाबूत, तरीही काही हलत नाही. यावरील उपाय कान व क्राउदर यांच्या १९७२ च्या निबंधात आढळतो: अनेक पॅकेटांचा संदेश निघण्यापूर्वी मुक्कामी जागा राखून घ्यावी.

१९७० मध्ये पूर आणला गेला तो संदेशांचा. मार्गांची माहिती इम्प आपसांत पोहोचवीत, त्या निरोपांनाही पूर येऊ शकतो, हे २७ ऑक्टोबर १९८० रोजी दिसून आले. १९७९ मध्ये स्वीकारलेल्या नव्या मार्गनिवड पद्धतीत असा प्रत्येक निरोप ० ते ६३ यांपैकी एक क्रमांक घेऊन सर्वत्र पसरे. ६३ नंतर पुन्हा ० येई. एका इम्पच्या स्मृतीत बिटे गळाली आणि एकाच केंद्राच्या निरोपांना ४४, ४० आणि ८ असे तीन क्रमांक मिळाले. तारेवरील प्रवासात होणारी शुद्धतेची तपासणी स्मृतीतील बिघाडाला लागू नव्हती. ठरलेल्या नियमानुसार ४० पेक्षा ४४ नवा, ८ पेक्षा ४० नवा आणि चक्र पूर्ण होऊन ४४ पेक्षा ८ नवा! परिणामी तिन्ही निरोप एकमेकांना हटवीत अखंड फिरत राहिले, आणि त्यांना अग्रक्रम असल्याने इतर वाहतुकीला वाव उरला नाही. पद्धतच नवी असल्याने १९७० च्या प्रयोगकर्त्यांना याचा दोष देता येत नाही. प्रश्न उरतो तो नव्या पद्धतीच्या परीक्षेचा: निरोपाचा क्रमांक स्मृतीतच बदलेल, ही कल्पना रचनेत गृहीत धरलेली नव्हती.

एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या घटनेचा वृत्तान्त येतो. संबंधित केंद्राच्या निरोपांकडे दुर्लक्ष करण्याची दुरुस्ती इम्पमध्ये करावी लागली. जाळे पूर्ववत होईपर्यंत कित्येक तास लोटले होते.