अर्ध्या मापाचा साज

चीनमधील लिंतोंग येथे सम्राट छिन शी ह्वांग याच्या समाधीच्या टेकाडाच्या पश्चिमेस १९८० च्या डिसेंबरात जे दोन चौअश्वी कांस्यरथ उत्खननात सापडले, त्यांचा लौकिक सोन्यारुप्याच्या कामामुळे पसरला. परंतु त्यांचे खरे मोल घोड्यांच्या अंगावरील साजात आहे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

कातडे, दोर आणि लाकूड ही साजाची मूळ द्रव्ये, आणि मातीत ती टिकत नाहीत. याच सम्राटाच्या १९७४ पासून उजेडात आलेल्या मृण्मय सेनेतील रथांचे लाकूड कुजून गेले. धातूच्या कड्या आणि लगामाचे अवशेष तेवढे हाती आले, आणि कोणता पट्टा कोठून निघून कोठे बांधला जाई, हे सांगणारे फारसे काही उरले नाही. जुन्या काळातील कित्येक पागांच्या सरंजामाची हीच गत झाली आहे.

कांस्यरथांच्या कारागिरांनी मात्र राजाच्या परलोकयात्रेसाठी सारा सरंजाम निम्म्या मापाने आणि धातूत घडवला. जेथे चामड्याची पट्टी, तेथे त्यांनी सोन्याचे व रुप्याचे बारीक तुकडे एकमेकांत गुंतवून हवी तशी वाकणारी साखळी केली. गळ्याखालच्या गोंड्यांसाठी केसासारख्या, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक तारा वापरल्या. एकेका रथाचे सुटे भाग ३,००० हून अधिक भरतात. छत कोसळून दोन्ही रथांचा चुराडा झाला होता, तरी पट्ट्यांचा क्रम धातूत टिकून राहिल्यामुळे तज्ज्ञांना कित्येक वर्षांच्या परिश्रमाने तो पुन्हा जुळवता आला.

त्यातून जुन्या ग्रंथांतील कोडी सुटली. चार घोड्यांच्या आठ रासा असताना प्राचीन चिनी काव्यात सारथ्याच्या हाती सहाच का, हा भाष्यकारांचा जुना प्रश्न होता. येथे दोन रासा रथाच्या पुढच्या भागाला बांधलेल्या आणि सहा सारथ्याच्या हातात प्रत्यक्ष दिसल्या. जुवाखालच्या मधल्या दोन घोड्यांच्या कुशीला एक काटेरी उपकरण टांगलेले आढळले, ते बाजूच्या घोड्यांना आत रेटू न देण्यासाठी. त्याचे नाव ग्रंथांत होते, रूप कोणी पाहिले नव्हते. आपल्या महाभारतातही धुरेचे अश्व आणि त्यांच्या बाजूचे पार्ष्णिवाह असा भेद आहे, परंतु त्यांच्या पट्ट्यांची बांधणी दाखवणारा असा एकही रथ आपल्या हाती आलेला नाही, ही मला मोठी हानी वाटते.

दोन्ही रथ आज समाधीच्याच परिसरातील स्वतंत्र संग्रहालयात आहेत. तेथे जाण्याचा योग येईल त्या वाचकाने छत्रीच्या शोभेपाशी न रेंगाळता घोड्याच्या जबड्यापासून सारथ्याच्या मुठीपर्यंत एकेक रास डोळ्यांनी माग काढीत पाहावी.