कायम मागणी : बडोद्याच्या ग्रंथव्यवहारातील एक धडा

ग्रंथालयाचा इतिहास लिहिताना इमारत, देणगी आणि ग्रंथसंख्या यांचा हिशेब बहुधा दिला जातो. परंतु ग्रंथ तेथे कोणत्या व्यवस्थेने येत राहिले, याचा विचार क्वचितच होतो. पुस्तक पाहून, पसंत करून विकत घेणे हा खरेदीचा एक प्रकार झाला. अद्याप न छापलेले, किंबहुना अद्याप न लिहिलेले खंडही निघतील तसे पाठवीत जावे, असे प्रकाशकास आगाऊ कळवून ठेवणे हा दुसरा. या दुसऱ्या प्रकारास आम्ही येथे कायम मागणी म्हणतो. तिचे मर्म जाणण्यास बडोद्याचा इतिहास विशेष उपयोगी आहे.

दांडिया बाजारात खासेराव जाधव यांचा बंगला आहे. आज तो अरविंद निवास म्हणून ओळखला जातो. १८९३ ते १९०६ या काळात अरविंद घोष बडोदे संस्थानच्या नोकरीत होते आणि त्यांपैकी काही काळ त्यांचे वास्तव्य याच वास्तूत झाले. त्यांस बंगाली शिकविण्यासाठी आलेले दीनेंद्रकुमार राय यांनी आपल्या आठवणींत त्यांच्या ग्रंथखरेदीचे वर्णन केले आहे. मुंबईचे थॅकर आणि राधाबाई आत्माराम सगूण हे विक्रेते नव्या पुस्तकांच्या लांबलचक याद्या पाठवीत. अरविंद त्यांतून निवड करीत. पगार हाती आला की पैसे रवाना होत, आणि ग्रंथ मोठ्या पेट्यांतून रेल्वेच्या पार्सलाने येत. विक्रेत्याकडे त्यांचे अनामत खाते असे. व्यवस्था नियमित खरी. पण प्रत्येक वेळी निवड वाचकाचीच होती. एका विद्वानास एवढे पुरते, कारण त्याची जिज्ञासा वळली की खरेदीही वळावी हेच योग्य. सार्वजनिक ग्रंथालयास ही मोकळीक नाही. त्यास अद्याप जन्मास न आलेल्या वाचकाचीही तरतूद करावयाची असते.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू केले, आणि शिकलेल्यांच्या हाती वाचावयास काही हवे, या विचारातून १९१० साली अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांस पाचारण केले. महाराजांच्या राजवाड्यातील सुमारे २०,००० ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया ठरले. गावोगावच्या वाचनालयांसाठी वर्गणी, स्थानिक संस्थांचा वाटा आणि सरकारी अनुदान अशी तिहेरी योजना झाली. या योजनेचे महत्त्व केवळ पैशात नव्हते. गावाने आपला वाटा उभारला तरच बाकीचे दोन वाटे मिळावयाचे. म्हणजे दरसालची निष्ठा हीच या व्यवस्थेची अट होती. कायम मागणीचीही अट हीच आहे.

या मागणीचे कामकाज बाहेरून सोपे दिसते. प्रत्यक्षात ते अतिशय दक्षतेचे आहे. प्रत्येक मालिकेसाठी व नियतकालिकासाठी स्वतंत्र पत्रक ठेवावे लागते. आलेला अंक वा खंड त्यावर त्याच दिवशी चढवावा लागतो. मधला अंक आला नाही तर स्मरणपत्र लगेच जावयास हवे, कारण काही महिन्यांनी प्रकाशकाकडेच प्रत शिल्लक नसते. मालिकेतील ग्रंथ कोणी सुटा मागविला, तर तो आधीच कायम मागणीने येणार आहे की काय, हे पडताळावे लागते. नाहीतर दोन प्रती येतात व पैसा वाया जातो. वर्ष पुरे झाले की मुखपृष्ठ व सूची मिळवून बांधणी करावयाची असते. सर्वांत मोठी अडचण मात्र हिशेबाची. अनुदान ३१ मार्चला संपते. पुढील खंड केव्हा निघेल आणि त्याची किंमत काय असेल, हे कोणासच ठाऊक नसते. म्हणून यासाठी अंदाजाने रक्कम राखून ठेवावी लागते, आणि काटकसरीची वेळ आली की हिशेबनीस प्रथम याच रकमेकडे बोट दाखवितो.

त्या काटकसरीचे मोल काय असते, हे बडोद्याच्याच एका ग्रंथावरून दिसते. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ, राजशेखराची काव्यमीमांसा, १९१६ साली प्रसिद्ध झाला. याच मालेत भरताचे नाट्यशास्त्र अभिनवगुप्ताच्या टीकेसह चार खंडांत निघाले : १९२६, १९३४, १९५४ आणि १९६४ साली. मालेतील त्यांचे अनुक्रमांक ३६, ६८, १२४ व १४५ असे आहेत. पहिल्या व शेवटच्या खंडांत ३८ वर्षांचे अंतर पडले. त्या अवधीत महायुद्ध झाले, कागद दुर्मिळ झाला, सयाजीराव निवर्तले, आणि १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थानच मुंबई राज्यात विलीन झाले. तरीही १९२७ साली स्थापन झालेले प्राच्यविद्यामंदिर नव्या विद्यापीठाच्या छत्राखाली काम करीत राहिले व माला चालू राहिली. वचन देणारे राज्य गेले, पण वचन पाळले गेले. ज्या ग्रंथालयाने १९२६ मध्ये मालेस कायम मागणी नोंदविली व ती टिकविली, त्याच्या फडताळात चारही खंड आपोआप आले. ज्याने ती मध्येच तोडली, त्याच्या वाचकास रससूत्रावरील प्रसिद्ध चर्चा मिळाली, पण शास्त्राचा पुढील भाग मिळाला नाही. पुढे याच संस्थेने रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत पूर्ण केली. तिच्याही बाबतीत हीच गोष्ट.

मराठी नियतकालिकांची कथा याहून नाजूक आहे. निबंधमालेचे ८४ अंक १८७४ ते १८८१ या काळात निघाले. विविधज्ञानविस्तार १८६७ पासून १९३७ पर्यंत, म्हणजे ७० वर्षे चालला. खंड हरवला तर कधीकधी पुनर्मुद्रण होते. मासिकाचा सुटा अंक हरवला तर तो बहुधा हरवलाच. शिवाय मराठीसारख्या भाषेत वाचकसंख्या मर्यादित असल्याने वाचनालयांची वर्गणी ही पुष्कळ मासिकांची प्राणवायूची नळीच असते. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला व २०१५ साली विसावा खंड पूर्ण झाला. एवढ्या दीर्घ उद्योगास घेणारा कोणीतरी ठाम उभा असावा लागतो.

प्रत्येक मागणी अखेरपर्यंत चालवावी, असे आमचे म्हणणे नाही. मालेचा दर्जा घसरल्यास ती थांबविणे हे ग्रंथपालाचे कर्तव्यच आहे. पण तो निर्णय ग्रंथाच्या गुणावरून व्हावा, वर्षअखेरच्या शिलकीवरून नव्हे. आणि थांबविण्यापूर्वी हाती असलेला संच निदान एखाद्या नैसर्गिक टप्प्यापर्यंत पुरा करावा. शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालय समित्यांवर आपल्यापैकी अनेक जण बसतात. पुढील अंदाजपत्रक समोर येईल तेव्हा चालू मालांची यादी वेगळी मागवावी आणि प्रत्येक मालेपुढे कोणता खंड आला व कोणता राहिला, ते विचारावे. एवढ्या चौकशीने पुष्कळ संच तुटण्यापासून वाचतील.