छोट्या बोटीत ऊब आणायची तर धूर कुठे न्यायचा?

आज थंडीबद्दल बोलूया. पुणे-नाशिकची गुलाबी थंडी नाही हं. केबिनच्या भिंतीवर आतून बर्फ धरतो, ती थंडी. नॉर्वे, स्कॉटलंडकडे लोक छोट्या शिडाच्या बोटी घेऊन हिवाळ्यातही समुद्रावर जातात आणि केबिनमध्ये हीटर बसवतात. त्याचे व्हिडिओ बघितले तर एक गंमत दिसते. हीटरचा डबा चार-सहा स्क्रूंनी बसून जातो, सगळा वेळ जातो तो नळ्यांमध्ये. हवा आत आणणारी नळी, धूर बाहेर नेणारी नळी. एवढा जीव नळ्यांवर का काढायचा? त्यासाठी चारशे वर्षांहून मागे जावं लागतं.

साल १५९६. डच दर्यावर्दी विलेम बारेंट्स उत्तरेकडून चीनला जायचा रस्ता शोधत होता. रशियाच्या उत्तरेला नोव्हाया झेम्ल्या नावाचं बेट आहे, तिथे त्याचं जहाज बर्फात अडकलं. एकूण १७ माणसं. वाहून आलेले ओंडके आणि जहाजाच्या फळ्या वापरून त्यांनी किनाऱ्यावर एक खोपट बांधलं. मधोमध चूल, वर छताला धुराडं म्हणून एक पिंप. थंडी अशी की घड्याळ गोठून बंद पडलं. आगीजवळ पाय नेले तर पायाला ऊब लागायच्या आधी मोजे जळायचे! ही माहिती आपल्याला मिळते खेरित दे फेर या त्यांच्याच सोबत्याच्या रोजनिशीतून.

७ डिसेंबरला त्यांनी ठरवलं, आज जरा नीट शेकू. जहाजावरून दगडी कोळसा आणला, मस्त आग केली आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दार आणि धुराडं दोन्ही गच्च बंद केलं. झकास वाटलं. सगळे आडवे झाले, गप्पा मारत पडले. मग एकेकाला गरगरायला लागलं. जो आधीच आजारी होता त्याला सगळ्यांत आधी जाणवलं. कोणीतरी कसंबसं उठून धुराडं उघडलं, दुसऱ्याने दार उघडलं आणि तो तिथेच बेशुद्ध होऊन बर्फात पडला. दे फेरने त्याच्या तोंडावर शिरका मारला तेव्हा तो शुद्धीवर आला. थंड वारा आत आला म्हणून सगळे वाचले. ज्या थंडीला ते शिव्या घालत होते, तिनेच जीव वाचवला.

काय झालं होतं, हे आज आपल्याला माहीत आहे. कार्बन मोनॉक्साइड. हवा कमी पडली की आग नीट जळत नाही आणि हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. माणसाला वाटतं, झोप येतेय. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गिझरच्या बातम्या येतात ना, तो हाच वायू. त्यामुळे ही काही फक्त उत्तर ध्रुवाची गोष्ट नाही.

आता खोपटातून खऱ्याखुऱ्या छोट्या बोटीत येऊ. मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली होती. १८९२ मध्ये स्टॉकहोमला फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने प्राइमस स्टोव्ह बाजारात आणला. हो, तोच. आजीच्या घरातला पितळी स्टोव्ह. काकडा पेटवून बर्नर तापवायचा, पंप मारायचा, रॉकेलची वाफ होऊन निळी ज्योत भरभरायला लागायची. वात नाही आणि काजळीही फारशी नाही.

१९१६ मध्ये असे दोन स्टोव्ह ‘जेम्स केअर्ड’ या होडीत होते. शॅकल्टनचं जहाज अंटार्क्टिकाच्या बर्फात चिरडलं गेलं होतं. माणसं एलिफंट बेटावर पोचली, पण तिथे त्यांना शोधायला कोण येणार? मग शॅकल्टन आणि पाच जण साडेबावीस फुटी होडीतून मदत आणायला निघाले. सुताराने खोक्यांची झाकणं, बर्फगाडीच्या पट्ट्या आणि कॅनव्हास ठोकून तिला डेक केला होता. २४ एप्रिलला निघाले, १० मे रोजी साउथ जॉर्जियाला लागले.

ही गोष्ट नेहमी धैर्याची म्हणून सांगतात. ती आहेच. पण मला त्यांच्या सामानाची यादी जास्त बोलकी वाटते: साडेसहा गॅलन रॉकेल, म्हणजे साधारण ३० लिटर, दोन प्राइमस, सुटे भाग आणि स्टोव्हच्या पिना. पिना! बर्नरचं भोक बुजलं आणि पिन नसली, तर सहा माणसांना गरम काही मिळणार नाही, हे निघतानाच ठरलेलं. डेकखाली ताठ बसायलाही जागा नव्हती. दोघं समोरासमोर बसून पायांमध्ये स्टोव्ह दाबून धरायचे, तेव्हा कुठे भांडं सांडायचं नाही.

पण त्या स्टोव्हला धुराडं नव्हतं. तो स्वयंपाकाचा. केबिन तापवायला ठेवला असता तर दोन अडचणी आल्या असत्या. एक तर तो वायू. दुसरी कोणी सहसा सांगत नाही: एक लिटर रॉकेल जाळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. ते जाणार कुठे? गार भिंतीवर, अंथरुणावर, कपड्यांवर. म्हणजे उबेसाठी आग पेटवायची आणि ओलं होऊन कुडकुडायचं.

आजच्या डिझेल हीटरने हे कोडं सोडवलं. असे हीटर जर्मनीत ट्रक आणि बससाठी बनत होते, तेच बोटीत आले. आत एक बंद धातूची पेटी, आग फक्त तिच्यात. आगीला लागणारी हवा वेगळ्या नळीने येते, धूर वेगळ्या नळीने बाहेर जातो आणि केबिनमधली हवा पेटीच्या बाहेरून फिरून गरम होते. आगीचा श्वास वेगळा, माणसाचा वेगळा.

म्हणूनच नळ्यांवर एवढी मेहनत. धुराची नळी बोटीच्या कडेतून बाहेर काढतात, पण शिडाची बोट वाऱ्याने कलते आणि ते भोक पाण्याखाली जाऊ शकतं. म्हणून नळी आधी वर नेऊन बगळ्याच्या मानेसारखी वाकवतात. ती तापते आणि बोट फायबरची असते, म्हणून तिला उष्णतारोधक पट्टी गुंडाळतात. सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे नळीचा जोड. तो सैल झाला तर धूर थेट आत. म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ लावतात.

काही हीटर मात्र जळायला केबिनमधलीच हवा घेतात. त्यांच्यासाठी एक जाळी कायम उघडी ठेवावी लागते. आणि कडाक्याच्या रात्री गार झुळूक येते म्हणून लोक नेमकं तिच्यातच फडकं कोंबतात.

बॅटरी किती खातो, डिझेल किती पितो, हे प्रश्न पुढच्या भागात घेऊ. भेटूच!