मांडणीत काय मांडलं, काय झाकलं

आपल्या स्वयंपाकघरात मांडणी असते. चिंच लावून लख्ख केलेले डबे, तांबे, ताटं आपण तिच्यावर ओळीनं लावतो. आल्यागेल्याच्या नजरेला ती पडावीत असंही मनात असतंच. आज आम्ही चीनच्या राजवाड्यातल्या मांडणीची गोष्ट सांगणार आहोत.

तिचं चिनी नाव दुओबाओग, म्हणजे पुष्कळ खजिन्यांची मांडणी. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी, योंगचंग आणि च्यानलोंग या बादशहांच्या काळात तिला मोठी हौस लाभली. तिचे कप्पे मुद्दाम एकसारखे नसतात. एक उंच, एक बुटका, एक आडवा. उंच कप्प्यात फुलदाणी, बुटक्यात जेड दगडाची वाटी, आडव्यात काशाचं जुनं भांडं.

योंगचंग गादीवर येण्याआधी त्याच्या वाड्यासाठी बारा बायकांची मोठी चित्रं काढली गेली. त्यांतल्या एका चित्रात एक बाई अशाच मांडणीसमोर बसलेली दिसते. मागे भांडी, पुढे ती, सगळंच पाहणाऱ्यासाठी नीट मांडलेलं. मांडणीवर लक्ष्मी मिरवायची आणि बाईलाही तिथंच बसवायचं, ही रीत आपल्याला काही नवी नाही.

ही कपाटं घडवणाऱ्या सुतारांची कारागिरी मात्र बघण्यासारखी. खिळा जवळजवळ नाही. एका लाकडाला जीभ काढायची, दुसऱ्यात तेवढीच खाच पाडायची आणि दोन्ही घट्ट बसवायची. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. अशा सांध्याला तेवढी हालचाल सोसते. राजवाड्याच्या कारखान्यात दक्षिणेकडच्या कँटनचे सुतार बोलावलेले असत. ते पानं, फुलं, डाळिंबं, वटवाघळं कोरत. वटवाघूळ तिकडे शुभ, कारण चिनी भाषेत त्याचा आणि भाग्याचा उच्चार एकच, फू. दाण्यांनी भरलेलं डाळिंब म्हणजे घरात पुष्कळ मुलगे व्हावेत ही इच्छा. बाईकडून काय हवं, ते असं लाकडावरही कोरलेलं.

आता लाकडाकडे येऊ. १५६७ साली चीननं समुद्री व्यापारावरची बंदी उठवली, तेव्हापासून बाहेरचं कठीण लाकूड तिकडे जास्त येऊ लागलं. सगळ्यांत मानाचं लाकूड झितान. आज चीनचं सरकारी मानक झितान म्हणून जे झाड धरतं, ते आपलं रक्तचंदन. सुजेवर उगाळून लावायला रक्तचंदनाची बाहुली घरोघरी असायची, तेच हे लाकूड. ते इतकं जड की पाण्यात बुडतं, आणि वाढतं फार सावकाश. ते मूळचं आंध्रच्या शेषाचलमसारख्या डोंगरांतलं.

चीनमध्ये त्याची हौस अजून आहे, म्हणून चोरटी तोडही आहे. ७ एप्रिल २०१५ रोजी शेषाचलमच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात २० लाकूडतोडे मेले. ते तमिळनाडूतले गरीब मजूर होते. लाकडावर पैसा करणारे शेठ त्या दिवशी जंगलात नव्हते. घरी राहिल्या त्या मजुरांच्या बायका-पोरं.

आपल्या मुंबईचाही या कपाटांशी संबंध आहे. १७५७ नंतर युरोपी व्यापाऱ्यांसाठी चीननं कँटन हे एकच बंदर उघडं ठेवलं. मुंबईहून तिकडे कापूस जाई आणि बंदी असूनही माळव्याची अफू जाई. परतताना गलबतांतून चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी आणि कोरीव लाकूडसामान येई. पारशी घरांतून ते आजही दिसतं. जे. जे. रुग्णालय ज्यांच्या नावानं आहे, त्या जमशेटजी जीजीभॉय यांनीही कापसाबरोबर अफूच्या याच व्यापारात पैसा मिळवला आणि त्यातला बराच दान केला. रुग्णालयानं आपल्या माणसांचे जीव वाचवले, हे खरं. चीनमध्ये अफूनं घरं बसली, हेही खरं. दोन्ही एकाच खात्यातलं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला आपापल्या घरातल्या एका जुन्या वस्तूची माहिती काढून आणा. पेटारा असो, पाट असो की घंगाळ. ती कुणी घडवली, कशाच्या पैशानं आली, आणि इतकी वर्षं ती पुसत कोण आलं, एवढं वहीत लिहून ठेवा. घरात म्हातारी माणसं आहेत तोवरच हे विचारता येईल.