कान्हेरीचा पावसाळा, शके ७६५

बोरिवलीला पूर्वेकडे उतरा, राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून आत या. बस सहा-सात किलोमीटर जंगलातून वर नेऊन सोडते. तिथून पुढे पायीच जायचं. पायऱ्या बाहेरून दगड आणून बसवलेल्या नाहीत, डोंगराच्याच अंगातून कोरल्या आहेत. दहा-बारा चढलात की बस दिसेनाशी होते. आणखी थोडं चढलात की हायवेची घरघर थांबते. वरच्या कातळावर पाऊल ठेवता तेव्हा शके ७६५ चालू असतं, म्हणजे इसवी सन ८४३ चा पावसाळा.

तुम्ही चिंब भिजला आहात. मधल्या ओहळाला लोंढा आलाय आणि दोन्ही काठांवरच्या लेण्यांतून एका सुरात पाठ ऐकू येतोय. वर्षावास चालू आहे. हे महिने भिक्षू फिरत नाहीत, एका जागी राहून शिकतात. एक तरुण भिक्षू तुम्हाला हाताने आडोशाला बोलावतो. आत ओलसर गारवा, तेलाच्या दिव्याचा वास, झोपायला दगडी ओटा. तहान लागली म्हणून बाहेर बोट दाखवता, तर दाराशीच पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं. कातळावरचं पाणी कोरलेल्या पन्हाळींतून तिच्यात उतरतंय. पावसाळा सरला की डोंगर कोरडा पडतो. मग वर्षभर इतक्या माणसांना जगवायचं ते या टाक्यांनीच. इथल्या जुन्या शिलालेखांत पोढी दान देणाऱ्यांत कल्याणचा सोनार सामिदत्त आहे. राजा नव्हे, सोनार. सोपारा, कल्याण, चौल इथल्या व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची नावं या भिंतींवर आहेत. मोठा चैत्य गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांनी कोरवून घेतला, तेव्हा सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी राज्य करत होता. तुम्ही आज उभे आहात तेव्हा त्यालाही सहा शतकं उलटून गेलीत.

पुढे चला, त्या लांबलचक दालनात. आजच्या पाटीवर त्याचा क्रमांक ११. जमिनीतूनच कोरलेले दोन लांब, बुटके दगडी बाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेत. त्यांच्या कडेला हात ठेवून बसून पाहा. समोरासमोर दोन ओळी बसतात, मधे वाट उरते. एकट्याने डोळे मिटून ध्यान करायचं असतं तर हे बाक कशाला कोरले असते?

या वर्षी मान्यखेटात राष्ट्रकूट अमोघवर्ष राज्य करतोय आणि त्याच्या वतीने कोकण सांभाळतोय शिलाहार पुल्लशक्ती. याच शकातला एक दानलेख इथे आहे. त्यात बुद्धपूजा आहे, विहाराची डागडुजी आहे, भिक्षूंची वस्त्रं आहेत. आणि पुस्तकंही आहेत. पुस्तकांसाठी वेगळा पैसा ठेवलेला! मला कान्हेरीत सगळ्यात मोलाची वाटते ती हीच एक नोंद. अशा ठेवीला इथले जुने लेख अक्षयनीवी म्हणतात: मुद्दल हलवायचं नाही, व्याजावर काम चालवायचं. दहा वर्षांनी गौड देशातून, म्हणजे थेट बंगालकडून, अविघ्नाकर नावाचा उपासक येईल आणि शंभर द्रम्म नाण्यांची अशीच ठेव ठेवेल.

या क्षणी युरोपात बोलोन्याचं विद्यापीठही नाही. ते १०८८ मधलं मानतात, म्हणजे अजून २४५ वर्षं आहेत. सालामांका १२१८, कोइंब्रा १२९०, प्राग १३४८, उप्साला १४७७, सगळी त्याच्याही नंतरची. हे सांगून मला कान्हेरीला जगातलं पहिलं विद्यापीठ ठरवायचं नाही. पदवी, सनद, कुलगुरू यातलं काही इथे नाही; लेखांत शब्द आहे महाविहार, आणि तो पुरेसा आहे.

मात्र बोलोन्यात आजही वर्ग भरतात. इथले भिक्षू अकराव्या शतकानंतर दिसेनासे होतात. १००९ साली काही पारशी येतात आणि एका लेण्याच्या भिंतीवर पहलवीत आपल्या भेटीची नोंद कोरून जातात. १५३४ मध्ये गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य हिंदुस्थानात उतरतो. सालामांका आणि आल्काला इथे शिकलेला, लिस्बनच्या विद्यापीठात शिकवलेला माणूस. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात तो या साष्टी बेटावरच्या लेण्यांबद्दलही लिहितो. तोवर या डोंगरातला पाठ थांबून पाचेकशे वर्षं झालेली असतात.

पाऊस ओसरलाय. त्याच पायऱ्या उतरा; खाली बस उभी आहे, भुट्टेवाला आहे, शाळेची सहल दंगा करतेय. पुढच्या वेळी मुलांना घेऊन याल तेव्हा चैत्यातल्या उंच बुद्धमूर्तीपाशी फोटो काढून परतू नका. त्यांना अकरा नंबरच्या बाकांशी न्या, थोडा वेळ समोरासमोर बसवा, आणि सामिदत्त सोनाराची गोष्ट सांगा. पावसाळ्यातच या. सोमवारी उद्यान बंद असतं.