बाटलीच्या झाकणाने दिलेली साक्ष

गेममुळे समाज बदलतो असं म्हणणारे भरपूर भेटतात, मोजून दाखवणारे मोजकेच. आजचा भाग त्या मोजक्यांपैकी एकाचा. गेमचं नाव री-मिशन. अमेरिकेतल्या होपलॅब या संस्थेने कॅन्सर झालेल्या तरुण मुलामुलींसाठी बनवला, २००६ साली पीसीवर आला.

हिरोईन रॉक्सी, एक नॅनोबॉट. पेशंटच्या शरीरात शिरून कॅन्सरच्या पेशींवर केमोथेरपीचा मारा करते. बाळबोध वाटतंय ना? पण त्यामागचा प्रश्न खरा होता. हॉस्पिटलमधून सुटल्यावर घरी महिनोन् महिने गोळ्या घ्यायच्या असतात, आणि नेमकी याच वयातली मुलं त्या टाळतात. ल्युकेमियात डोस चुकत राहिले की आजार उलटण्याची भीती असते.

मग लाँचच्या आधीच, २००४-०५ मध्ये, त्यांनी ट्रायल घेतली. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातली ३४ केंद्रं, १३ ते २९ वयाचे ३७५ पेशंट. एका गटाला पीसीवर इंडियाना जोन्सचा नेहमीचा गेम, दुसऱ्याला तो आणि सोबत री-मिशन. तीन महिने खेळायचं. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सरळसरळ ए/बी टेस्ट!

मला सगळ्यात भारी वाटलं ते मोजमाप. सुमारे २०० जणांच्या अँटिबायोटिकच्या बाटलीला इलेक्ट्रॉनिक झाकण होतं. बाटली कधी उघडली याची त्यात नोंद व्हायची. काहींच्या रक्तात केमोच्या गोळीचा अंश तपासला.

निकाल २००८ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या जर्नलमध्ये आला. री-मिशन खेळलेल्यांनी अँटिबायोटिक जास्त नियमित घेतलं, रक्ताच्या तपासणीतही तेच दिसलं. कॅन्सरबद्दलची माहिती वाढली, 'मी हे करू शकतो' हा विश्वासही वाढला. आणि गंमत बघा, 'गोळ्या नियमित घेता का?' या प्रश्नाच्या उत्तरांत दोन्ही गटांत फरकच नव्हता. फक्त फॉर्म भरून घेतले असते तर गेम फेल म्हणून बंद पडला असता. (फीडबॅक फॉर्मवर माझा विश्वास तसाही कमीच आहे.)

ताण मात्र कमी झाला नाही. पेशंट जास्त जगले का, हे या ट्रायलने तपासलंच नव्हतं, त्यामुळे 'गेमने कॅन्सर बरा केला' असं कुणी फॉरवर्ड केलं तर थांबवा. २०१३ मध्ये री-मिशन २ आला, सहा छोट्या गेम्सचा, फुकट खेळता येणारा.